ऊन नेमकं कुठल्या खात्यात?

आमच्या खानदेशात ‘क्लायमेट चेंज वगैरे मी मानत नाही’ असं म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. धरणगावच्या कुठल्याही टपरीवर उभे राहा, कापसाच्या जिनिंगवर जा, नाहीतर मे महिन्यातल्या लग्नाच्या पंगतीत बसा, "पहिल्यासारखं राहिलं नाही भाऊ, हवामान पार बदलून गेलं" हे वाक्य पाच मिनिटांत कानावर येतंच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीबाईसुद्धा सांगतील की मृगाचा भरवसा राहिला नाही आणि दिवाळीनंतरही छत्री माळ्यावर टाकायची सोय राहिली नाही. म्हणजे मान्यता शंभर टक्के!

मग सगळ्यांनाच मान्य असलेल्या गोष्टीवर काहीच का होत नाही?

हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. परवा अमेरिकेतल्या चुलतभावाचा फोन आला होता. तिकडच्या राजकारणाला कंटाळलेला होता बिचारा. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्याकडे पण असतात का रे ते डिनायर?" म्हटलं, याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही, लिहूनच देतो. तर हे ते उत्तर. त्याच्यासाठी, आणि दर उन्हाळ्यात ‘गावाकडे फार गरम होत असेल ना?’ असं पुण्यातून प्रेमाने विचारणाऱ्या तमाम मावस-मामेभावंडांसाठी.

आधी तिकडचं बघू, कारण ते तुलनेने सरळ आहे. तिकडे नाकारण्याचा रीतसर धंदा झाला. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटीच साहेबांना सांगून ठेवलं होतं की कोळसा आणि तेल जाळून पृथ्वी तापणार आहे. त्यांची भाकितं किती अचूक होती यावर २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अभ्याससुद्धा आला. पुढे १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि विषय चव्हाट्यावर आला. लगेच १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ नावाची संघटना काढली. तिचं काम एकच, लोकांच्या मनात शंका पेरत राहायची. सिगारेटवाल्यांनी कॅन्सरच्या बाबतीत जे केलं तेच. ‘अजून नक्की सिद्ध झालेलं नाही, शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत’ एवढं म्हणत राहिलं की पुरतं. २००२ मध्ये फ्रँक लुंट्झ नावाच्या प्रचारतज्ज्ञाने रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्ला दिला की ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणू नका, ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं. आपण सगळे आज बिनदिक्कत वापरतो त्या शब्दाच्या प्रसारामागे असाही एक हात आहे. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ट्रम्पसाहेबांनी २०१७ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडायची घोषणा केली, बायडेन यांनी २०२१ मध्ये देशाला परत आत आणलं, आणि २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्पसाहेबांनी पुन्हा बाहेर पडायच्या कागदावर सही केली.

आपल्याकडे अगदीच असं काही झालं नाही असं नाही. २०१४ च्या शिक्षकदिनी आसाममधल्या एका विद्यार्थ्याने पंतप्रधानांना हवामानबदलाबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की हवामान बदललेलं नाही, आपण बदललोय, आपल्या सवयी बदलल्यात. म्हाताऱ्या माणसांना यंदा थंडी जास्त वाटते, कारण त्यांची सहनशक्ती कमी झालेली असते, असा दाखलाही होता. गंमत म्हणजे याच पंतप्रधानांचं, ते गुजरातचे मुख्यमंत्री असताना, हवामानबदलावर अख्खं पुस्तक आलेलं आहे. आणि आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, २०१५ मध्ये पॅरिसला भारताची बाजू लावून धरणारे पर्यावरणमंत्री, यांनीच डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत सांगितलं की प्रदूषणाने आयुष्य कमी होतं असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही.

पण खरं सांगू का, ही आपल्याकडची मुख्य तऱ्हा नव्हे. अशी विधानं येतात, दोन दिवस गाजतात आणि विरून जातात. आपल्याकडचं नाकारणं तोंडाने होत नाही, ते कागदावर होतं. तोंडाने सगळं मान्य करायचं आणि नोंद मात्र होऊ द्यायची नाही, कारण एकदा नोंद झाली की भरपाई आली, जबाबदारी आली, प्रश्न आले. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. तुमची विहीर सगळ्या गावाला दिसते, पण सातबाऱ्यावर नसेल तर ती नाही म्हणजे नाही!

उन्हाचंच उदाहरण घेऊ, कारण त्याच्याइतकं आमच्या ओळखीचं दुसरं काही नाही.

हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या अशी आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असलं पाहिजे आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असलं पाहिजे, किंवा मग सरळ ४५ गाठलं पाहिजे. आता आमच्या जळगाव जिल्ह्याची मे महिन्याची सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ अंशांना, पत्र्याच्या शेडमध्ये हमाल गाठी उचलत असताना, खात्याच्या व्याख्येने आमच्याकडे ‘लाट’ नसते. मुंबईत पारा ३८-३९ ला गेला की टीव्हीवर लाल पट्ट्या फिरतात (किनारपट्टीला ३७ ची अट आहे), आणि आम्ही ४४ मध्ये नुसते ‘नेहमीचा उन्हाळा’ भोगत असतो. हवामानशास्त्राच्या दृष्टीने व्याख्येत चूक नाही हे मला समजतं. सरासरीपासून किती हललं हेच ते बघणार. पण शरीराला सरासरी कळत नाही. आणि सरकारी यंत्रणा इशारा मिळाल्यावर हलते, तो इशारा मिळतो व्याख्येप्रमाणे. म्हणजे जे कायमच भाजलेले आहेत त्यांनी आणखी भाजल्याशिवाय हाक ऐकू जायची नाही.

बरं, लाट आली, जाहीरही झाली. पुढे काय? आपत्तीसाठी राज्यांना केंद्राच्या निकषाने जो निधी वापरता येतो, त्याची एक ठरलेली यादी होती. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि शेवटी दंव व थंडीची लाट. मोजा, बारा होतात. थंडीची लाट आहे, उष्णतेची नाही! राज्यांनी मागणी केली होती की यादी वाढवा. २०२१ ते २०२६ या वर्षांसाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने म्हटलं की आहे ती यादी बऱ्याच अंशी पुरेशी आहे. २०२४ चा उन्हाळा पार पडल्यावरही सरकारने संसदेत सांगितलं की उष्णतेची लाट यादीत घालायचा विचार नाही. यादीतल्या आपत्तीने माणूस गेला की वारसाला चार लाखांची मदत ठरलेली. उन्हाने गेला तर राज्याने स्वतःहून वेगळी सोय केली असेल तर केली असेल. ओडिशाने ती केली, कारण १९९८ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे दोन हजारांवर माणसं दगावली आणि तो आकडा त्यांनी लपवला नाही.

यादीत का नाही याचं कारण काही फार गूढ नाही. पूर चार जिल्ह्यांत येतो, ऊन चाळीस जिल्ह्यांत पडतं, तेही दर वर्षी. एकदा मान्य केलं की खर्चाला अंत नाही. हिशोबनिसाच्या खुर्चीत बसलं की हे पटतंसुद्धा. फक्त मग ‘आम्ही क्लायमेट चेंजबाबत गंभीर आहोत’ हे भाषण करू नये, एवढंच.

आता मृत्यूची नोंद. उन्हाने माणूस सहसा थेट मरत नाही, आधीच अशक्त असलेलं हृदय किंवा मूत्रपिंड थकतं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं जातं आणि विषय संपतो. आरोग्य खातं, हवामान खातं आणि नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो या तिघांचे उष्माघाताच्या मृत्यूंचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे वर्षानुवर्षं चालू आहे. खारघरची घटना आठवत असेलच. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंची गर्दी. मंचावर छत, समोर ऊन. चौदा माणसं गेली. हे मृत्यू मोजले गेले ते एकाच दिवशी, एकाच मैदानावर, कॅमेऱ्यांसमोर झाले म्हणून. हेच चौदा जण चौदा गावांत चौदा शेतांवर गेले असते तर एक ओळसुद्धा छापून आली नसती.

याच्या उलट शेजारच्या अहमदाबादचं बघा. मे २०१० मध्ये तिथे भयंकर ऊन पडलं. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढून साधा हिशोब केला, या महिन्यात दर वर्षी किती जातात आणि यंदा किती गेले. फरक निघाला १,३४४ चा. उष्माघात म्हणून दवाखान्यात नोंदले गेलेले त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. तो आकडा समोर आल्यावर महापालिकेला गप्प बसणं शक्य नव्हतं. २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा तिथे तयार झाला. त्यात काय आहे? आधी इशारा द्या, दवाखाने तयार ठेवा, पाण्याची सोय करा, कामाच्या वेळा बदला. यातल्या एकाही गोष्टीला रॉकेट सायन्स लागत नाही. फक्त आधी मोजावं लागलं.

आणि मोजता येत नाही असं कुणी म्हणू नये, कारण आमच्याच जिल्ह्यात ऊन अगदी अंशाअंशाने मोजलं जातं. माणसासाठी नव्हे, केळीसाठी. हवामानावर आधारित फळपीक विमा हा प्रकार बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो म्हणून सांगतो. त्यात बागेचं नुकसान किती झालं हे बघायला कुणी येत नाही. महसूल मंडळात जे स्वयंचलित हवामान केंद्र असतं तिथे पारा ठरलेल्या अंशाच्या वर ठरलेले दिवस सलग राहिला, की भरपाई लागू. हिवाळ्यात ठरलेल्या अंशाच्या खाली गेला तरी लागू. यंत्र सांगेल ते प्रमाण. म्हणून रावेर-यावलचा केळीवाला तुम्हाला पाऱ्याचा आकडा दशांशासकट सांगतो, जसा शेअरवाला निर्देशांक सांगतो.

२०२० मध्ये या विम्याचे निकष बदलले. अंश आणि दिवसांची अट अशी झाली की भरपाई मिळणंच अवघड. जिल्ह्यात मोठी ओरड झाली. राज्यातले म्हणाले केंद्राने मान्यता द्यायला हवी, केंद्राच्या पक्षातले म्हणाले निकष राज्यानेच पाठवले. शेवटी २०२१ मध्ये जुने निकष परत आले. या सगळ्या भांडणात एकाही पुढाऱ्याने, एकाही कंपनीने ‘हवामान बदललेलंच नाही’ असं म्हटलं नाही बरं का. वाद होता तो ऊन किती झालं की पैसे द्यायचे याचा. मला तर वाटतं हवामानबदलाच्या राजकारणाचा यापेक्षा चांगला धडा कुठल्याही विद्यापीठात मिळायचा नाही. पृथ्वी किती अंशांनी तापणार यावर जगभर परिषदा होतात, आणि आमच्याकडे दोन अंश आणि दोन दिवस इकडेतिकडे सरकवले की हजारो घरांचं वर्ष फिरतं.

शेतकऱ्याला ही भरपाई मिळते याचा मला आनंदच आहे, ती त्याच्या हक्काची आहे. पण त्याच बागेत, त्याच पाऱ्यात, पंचवीस किलोचा घड डोक्यावर घेऊन बांधापर्यंत नेणारा मजूर असतो. घडाच्या उन्हाची नोंद होते. त्याच्या उन्हाची होत नाही. त्या दिवशी तो घरी बसला तर मजुरी बुडाली आणि कामावर गेला तर काय होईल ते त्याच्या नशिबावर. तेच केंद्र, तोच आकडा, शासनाच्या संगणकात आलेला. तो मजुरासाठी वापरायला कुठलं तंत्रज्ञान कमी पडतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

बरं, विचारायचं कुणाला? माणूस आजारी पडला तर आरोग्य खातं. मजुरीचा प्रश्न आला तर कामगार खातं. पीक गेलं तर कृषी. मदत द्यायची तर मदत व पुनर्वसन. आणि हवामानबदल म्हणाल तर पर्यावरण, ज्याच्या पाटीवर २०२० मध्ये ‘वातावरणीय बदल’ हे शब्द वाढले. पाच दारं आहेत आणि प्रत्येक दारात सांगतात की पलीकडच्या दारात विचारा.

हे झालं नोंद टाळण्याचं. आता दुसरी एक युक्ती सांगतो, जी याच्याही पुढची आहे. ती म्हणजे हवामानबदल मान्य करून त्याचीच ढाल करायची. पूर्वी पूर आला की ‘देवाची करणी’ म्हणायचे. आता ‘क्लायमेट चेंज’ म्हणतात. शहरात पाणी तुंबलं? ढगफुटी झाली हो! (तासाभरात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ढगफुटी म्हणतात. आपल्याकडे आठवड्याला एक होते.) नाल्यावर बांधकाम कुणी होऊ दिलं, नदीतली वाळू कुणी उपसली, डोंगर कुणी फोडला हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. आमच्या गिरणेच्या पात्रातून रात्री निघणारी वाळूची ट्रॅक्टरं काही कार्बन डायऑक्साइड चालवत नाही! नदीचं पात्र खरवडलं की आसपासच्या विहिरींचं पाणी खाली जातं हे सगळ्यांना कळतं. पण ‘पाऊसमान बदललं’ म्हटलं की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. पश्चिम घाटाचंही तेच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. त्यानंतर केंद्राने मसुद्यावर मसुदे काढले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आणखी एक ताजं उदाहरण. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आणला. त्यात घोटाळे झाले, बोगस अर्ज निघाले, हे खरंच होतं. म्हणून २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद करून सुधारित योजना आणली. पण ती आणताना स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे भरपाईचे आधारच वगळले आणि पीक कापणी प्रयोगावरचा हिशोब तेवढा ठेवला. आणि त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात न भूतो असा पूर आला. मग ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. विमा हा हक्क असतो, पॅकेज ही कृपा असते. हक्काचं दार लहान केलं की कृपेचं दार मोठं दिसतं आणि त्यावर फोटोही लावता येतो. राजकारण आहे ते इथे आहे.

‘अहो, पण हे सगळं अमेरिकेने आणि युरोपने केलंय, आपण का भोगायचं आणि आपण का थांबायचं?’ हा प्रश्न आमच्या घरातही उठतो आणि तो रास्त आहे. आपला दरडोई कार्बन वर्षाला साधारण दोन टन, अमेरिकन माणसाचा चौदा टनांच्या आसपास. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा मुद्दा जगापुढे मांडला होता की गरिबाची भाताची शेती आणि श्रीमंताची मोटार एकाच तराजूत घालू नका. मला तो शंभर टक्के पटतो. २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने कोळसा ‘बंद’ ऐवजी ‘कमी’ असा शब्द घालून घेतला, त्यामागेही हीच बाजू होती.

पण जे गणित आपण अमेरिकेला सांगतो ते देशाच्या आत लावून बघायचं की नाही? ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्ये एक अहवाल काढला होता, त्यात महिन्याला तीस हजारांवर कमावणाऱ्याचा कार्बन तीन हजारांखाली कमावणाऱ्याच्या साडेचार पट निघाला. सरासरी दोन टनांवर कुणामुळे राहते? ज्याच्या घरात एक पंखा आहे त्याच्यामुळे. त्याला पुढे करून आपण जगाकडे सवलत मागतो आणि सवलत मिळाल्यावर त्याला विसरतो. भुसावळजवळ दीपनगरला कोळशाचे पाचपाचशे मेगावॉटचे संच आधीच होते, आता ६६० चा नवाही उभा राहिला. वीज राज्यभर जाते. राख आसपासच्या गावांत राहते. दीपनगर बंद करा असं मी म्हणत नाही, माझ्याही डोक्यावर पंखा फिरतोय. पण देशाच्या विकासासाठी कोळसा हवाच असेल तर त्या कोळशापायी तापणाऱ्या माणसाला सावली देणं हा त्याच विकासाचा खर्च धरायला नको का?

सोलर आणला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही, हे आमच्या खानदेशाइतकं कुणाला ठाऊक असणार! साक्रीला २०१३ मध्ये महाजनकोचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, पवनचक्क्या तर त्याच्याही आधीपासून आहेत. चांगलंच आहे. पण त्याच धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवा. दोंडाईचाच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी त्यांची जमीन घेतली, पुढे तिथे कोळशाऐवजी सौर प्रकल्प ठरला. पाच एकर बागायतीचे चार लाख मिळाले, शेजारच्यांना कितीतरी जास्त. चकरा मारून थकलेल्या या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतलं आणि सहा दिवसांनी प्राण सोडला. त्यानंतर वाढीव मोबदल्याचा कागद हलला. कोळसा जाऊन सूर्य आला, पण दप्तर तेच राहिलं. म्हणून मला नुसत्या ‘ग्रीन’ या शब्दाचं फार कौतुक वाटत नाही. न्याय कुणाला मिळाला ते आधी बघावं लागतं.

राहता राहिली ती आपल्या-तुपल्या सवयींची गोष्ट. झाडं लावा, शपथ घ्या, सायकल चालवा. माझी वसुंधरा अभियानात २ ऑक्टोबर २०२० पासून गावोगाव शपथा झाल्या. झाडं लावणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही. पण ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हे लक्षात ठेवलेलं बरं. प्रत्येकाला आपापल्या पापाचा हिशोब करायला बसवलं की दुकानदाराकडे कुणी बघत नाही.

आता आमच्याकडचा २०२४ चा मे महिना सांगतो. १३ मे ला जळगाव आणि रावेर मतदारसंघांत लोकसभेचं मतदान झालं. महिनाभर सभा झाल्या, रॅल्या झाल्या, जिल्हा पोळत होता. त्या प्रचारात ऊन हा विषय कुठेही नव्हता. असलाच तर ‘एवढ्या उन्हात तुम्ही आलात’ एवढ्यापुरता! आणि मतदानाला दोन आठवडे होत नाहीत तोच, २५ मे ला, उन्हापायी जिल्हा प्रशासनाला कलम १४४ खाली आदेश काढावा लागला. भर उन्हात मजुरांना उघड्यावर राबवू नका, क्लासवाल्यांनी दुपारच्या वेळा टाळाव्यात, असा. जमावबंदीचं, दंगलीचं कलम उन्हासाठी वापरावं लागलं. का? कारण उन्हासाठीचं दुसरं हत्यार कपाटात नव्हतंच. प्रशासनाने हाताला लागलं ते वापरलं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे १ जुलैपासून नवी संहिता आली आणि ते कलमही इतिहासजमा झालं. बालकवींच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला निसर्गाचा असा पोलिसी उल्लेख वाचून जरा गंमत वाटली, आणि जरा वाईटही.

असो. फार लांबलं. तर चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर असं की आमच्याकडे नाकारणारे जवळजवळ नाहीत, टाळणारे मात्र सगळ्या पक्षांत आहेत. नाकारणाऱ्याशी निदान वाद घालता येतो, पुरावे दाखवता येतात. टाळणारा तुमच्याआधी मान डोलावतो, त्याच्याशी भांडणार कसं? माझ्या मते एकच उपाय आहे, त्याला आकड्यावर आणायचं. पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, दारात येणाऱ्या प्रत्येक दादा-भाऊंना ‘क्लायमेट चेंजबद्दल तुमचं मत काय’ असं विचारायचंच नाही. मत उत्तमच असतं. विचारायचं ते हे: गेल्या मे महिन्यात आपल्या तालुक्यात किती माणसं गेली आणि ती आदल्या वर्षांपेक्षा किती जास्त, हा आकडा काढून देणार का? हवामान केंद्रातला पारा ठराविक अंशावर गेला की रोजगार हमीच्या आणि शेतमजुरीच्या वेळा बदलायच्या आणि बुडालेल्या तासांची मजुरी द्यायची, असा ठराव आणणार का? आणि उन्हाने गेलेल्याच्या घरी तेवढीच मदत पोचेल का जेवढी पुराने गेलेल्याच्या घरी पोचते?

तीनच प्रश्न, आणि तिन्हींना मोजून उत्तर द्यावं लागतं.

आणि नातेवाईक मंडळींना एक वेगळी विनंती. मे महिन्यातली लग्नं आपण काही सोडणार नाही, ठीक आहे. पण साडेबाराच्या मुहूर्तावर मांडवात पंखे कूलर आपल्यासाठी असतात, बाहेर बँडवाले, वाढपी आणि चुलाणावरचे आचारी उन्हात असतात. गोरज मुहूर्त आपल्याच पंचांगात आहे. त्याने क्लायमेट चेंज थांबणार नाही हे मला माहीत आहे. पण बोलणी चालू असलेल्या घरांनी यंदा विचार करून बघावा.

ज्यांच्याकडे आपापल्या गावची अशी नोंद किंवा न झालेली नोंद असेल, त्यांनी जरूर लिहा. विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूरकडच्या मित्रांकडून तर हमखास अपेक्षा आहे.